शहरी रानातली देशी झाडं का घटतात? कारण शोधण्याची पद्धत, टप्प्याटप्प्याने

पणजीचं आल्तिनो, ताळगावचं पठार, पर्वरीचे उतार, मडगावचा मोंत. गोव्यातल्या शहरांना अजून टेकड्या आहेत आणि लांबून त्या हिरव्या दिसतात. अशा रानात शिरून खाली वाकलात, तर बऱ्याचदा वर माट्टी (ऐन) आणि किंदळ (किंजळ) ही देशी झाडं उभी असतात आणि पायाशी त्यांचं एकही रोप नसतं. हे ध्यानात आलं की पुढचं ठरलेलं: पावसाच्या तोंडावर शंभर रोपं आणायची, खड्डे मारायचे, फोटो काढायचे. पुढच्या मे महिन्यात त्यातली किती जगली हे मोजायला कुणी जात नाही. आधीची झाडं कशाने गेली हेच शोधलेलं नसतं, त्यामुळे नवी रोपं त्याच कारणाच्या तोंडी दिली जातात.

खालचा क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे. आधी घट खरी आहे का, मग कोणत्या वयाची झाडं गायब आहेत, मग कुठे, आणि त्यानंतरच माती, रोग आणि प्रत्यक्ष चाचणी. बहुतेक गट उलट्या टोकाने सुरू होतात. मातीचा नमुना प्रयोगशाळेत देतात, आलेल्या आकड्यांचं काय करायचं ते कळत नाही, आणि कागद फाइलीत जातो.

## टप्पा 1: तयारी

जमीन कुणाची, ते आधी. एकाच टेकडीवर कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक संस्थेची), देवस्थानची, वन खात्याची आणि खासगी जमीन लागून असू शकते. प्रत्येकाची लेखी परवानगी घ्या आणि त्यात मोजणी, मातीचे नमुने, पानं-मुळांचे नमुने, तात्पुरतं कुंपण असं सगळं स्पष्ट लिहून घ्या. देवराईत काय तोडता येत नाही आणि चपला कुठे काढायच्या, हे तिथल्याच माणसाला विचारा.

सामान. 50 मीटरची टेप, 10 मीटरच्या चार नायलॉन दोऱ्या, घेर मोजायला शिंप्याची टेप, 1.3 मीटरवर खूण केलेली काठी, खुरपं, कागदी पाकिटं आणि झिपच्या पिशव्या, फोन, पेन्सिल. बॉलपेन नको, जुलैत ओल्या कागदावर ते उमटत नाही आणि शाईचं पेन फुटतं.

नावांची यादी. निम्म्या चुका इथेच होतात. "कुडा" म्हटलं की पांढरा कुडा की काळा कुडा? दोन्ही वेगळी झाडं. "बिबो" हे नाव तर निदान दोन झाडांना चालतं. "जांभा" म्हणजे झाडही आणि चिऱ्याचा दगडही. एकाने पांढरा कुडा मोजला आणि दुसऱ्या वर्षी दुसऱ्याने काळा, तर कागदावर एक झाड नाहीसं होतं आणि रानात काहीच घडलेलं नसतं. म्हणून प्रत्येक नावापुढे पाच फोटो ठेवा: पानाची वरची बाजू, खालची बाजू, फांदीवर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, साल, आणि फूल किंवा फळ. अडलं तर गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात विचारा.

काजू, गुलमोहर, सुबाभूळ, गिरीपुष्प आणि ऑस्ट्रेलियन अकेशिया ही झाडं देशी यादीत घेऊ नका. काजू कितीही आपला वाटला तरी तो ब्राझीलचा. तो वेगळ्या रकान्यात मोजा, कारण पुढे त्याचाच संबंध निघू शकतो.

> सावधान: बिब्याच्या जातीच्या झाडांचा चीक लागला की कातडी काळी पडते आणि फोड येतात. पावसात फांदीवरून ओघळणारं पाणीसुद्धा काहींना बाधतं. ही झाडं आधी ओळखायला शिका, मगच कुठल्याही सालीला नख लावा. डिसेंबर ते मार्च खाजकुयलीच्या शेंगांपासून दूर राहा.

## टप्पा 2: घट खरी आहे का?

हा टप्पा सगळे गाळतात, आणि "रहस्यमय घट" बऱ्याचदा इथेच उलगडते.

कळलावी, रानहळद आणि जमिनीवरची बरीच आमरं (ऑर्किड) कंदाच्या रूपात वर्षातले सात-आठ महिने मातीखाली असतात. ऑगस्टचे जुने फोटो घेऊन एप्रिलमध्ये गेलात, तर रान उजाड वाटणारच. माट्टी, किंदळ, सावर उन्हाळ्यात पानं टाकतात, आणि नवख्याच्या वहीत ती "वाळलेली" म्हणून नोंदली जातात. कारवी कित्येक वर्षांनी एकदम फुलते आणि मरते. काटेरी बांबूचंही तसंच, फक्त त्याला कित्येक दशकं लागतात. अख्खं बेट एका हंगामात वाळलं, तर रोग शोधण्याआधी शेंड्यावर फुलोऱ्याचे सुके तुरे आहेत का ते बघा.

म्हणून तुलना नेहमी एकाच महिन्यातली हवी. वर्षातून तीन फेऱ्या ठरवून टाका: जुलैअखेर ते सप्टेंबर (रोपं आणि कंदवर्गीय), नोव्हेंबर-डिसेंबर (गवत व झुडपं), मार्च-एप्रिल (फुलं, फळं, आगीच्या खुणा).

जुना पुरावा तीन ठिकाणी मिळतो. एक, वनस्पतिसंग्रहातले वाळवलेले नमुने: विद्यापीठात आणि पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात. त्यांवर जागा आणि तारीख असते. दोन, उपग्रहाची जुनी चित्रं, तीही एकाच महिन्याची. तीन, आणि गोव्यात हा सगळ्यात कामाचा: चवथीची माटोळी, म्हणजे गणेशचतुर्थीला गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट. माटोळीला बांधायची रानफळं आणि वेली गोळा करणाऱ्या माणसांना कोणती वनस्पती टेकडीच्या कुठल्या बाजूला मिळायची, हे नेमकं ठाऊक असतं.

विचारण्याची पद्धत मात्र सांभाळा. "आता पूर्वीसारखं मिळत नाही ना?" असं विचारलंत तर उत्तर "नाही हो" असंच येईल. त्याऐवजी विचारा: "गेल्या चवथीला हे कुठून आणलंत? किती वेळ लागला? त्याआधी कुठून आणायचात? जागा का बदलली?" माणसं एकेकटी गाठा, बाजारात घोळक्यात नको. तिथे सर्वांत मोठ्या आवाजाचं मत सगळ्यांचं होतं.

> तपासा: जुनी नोंद आणि आजची नोंद, दोन्हींची जागा, महिना आणि वनस्पतीची ओळख पक्की आहे? एक जरी डळमळीत असेल, तर त्या वनस्पतीला "घटली" नको, "माहिती अपुरी" असं लिहा.

## टप्पा 3: मोजणी

चौकट 10 × 10 मीटरची घ्या. चारही बाजू 10 भरल्या म्हणून चौरस झाला असं नाही, तो तिरपा असू शकतो. दोन्ही कर्ण 14.14 मीटर आले पाहिजेत. उतारावर टेप जमिनीला चिकटवू नका, आडवी धरा. 30 अंशांच्या उतारावर जमिनीलगत मोजलेले 10 मीटर प्रत्यक्षात 8.66 भरतात, आणि तेवढ्या फरकाने झाडांची संख्या कमी येते.

मोठ्या चौकटीच्या एका कोपऱ्यात 5 × 5 ची चौकट झुडपांसाठी, आणि चार कोपरे व मध्य मिळून 1 × 1 च्या पाच चौकटी रोपांसाठी.

जागा मनाने निवडू नका. मन नेहमी वाटेच्या कडेला किंवा "छान" दिसणाऱ्या जागेकडे ओढतं. रस्त्याच्या किंवा इमारतीच्या कडेपासून आत सरळ रेषा आखा आणि 0, 25, 50, 100 मीटरवर चौकटी टाका. अशा निदान तीन रेषा हव्यात. शिवाय त्याच उंचीवर, त्याच दगडावर उभं असलेलं एक बऱ्या स्थितीतलं रान तुलनेला घ्या, तिथेही तेवढ्याच चौकटी. तुलनेची जागा नसेल तर पुढचे आकडे नुसते हवेत राहतात.

फोनचा जीपीएस दाट झाडीत 5-10 मीटर चुकू शकतो. म्हणून कोपऱ्यावरच्या चिऱ्याला ऑइलपेंटचा ठिपका द्या आणि जवळच्या तीन ठळक खुणांपासूनची अंतरं लिहून ठेवा.

प्रत्येक देशी जातीची नोंद चार गटांत करा:

1. उंची 1 मीटरपेक्षा कमी
2. उंची 1 मीटरच्या वर, घेर 10 सेंटिमीटरपेक्षा कमी
3. घेर 10 ते 30 सेंटिमीटर
4. घेर 30 सेंटिमीटरच्या वर (1.3 मीटर उंचीवर मोजलेला)

इथली सर्वांत मोठी चूक. गुडघ्याएवढं हिरवंगार किंदळ दिसलं की पहिल्या गटात "रोप" म्हणून लिहिलं जातं. खुरप्याने बुडाशी दोन बोटं माती उकरा. खरं रोप असेल तर दाभणाएवढं सरळ खोड खाली जातं. पण मुठीएवढी गाठाळ, जुनी साल असलेली गड्डी लागली, तिच्यावर कोयत्याचे तिरके किंवा यंत्राचे सपाट घाव असले आणि चार-पाच फुटवे एकाच गड्डीतून आलेले असले, तर ते रोप नव्हे. ते वर्षानुवर्षं छाटलं जाणारं झाड आहे. त्याचं वय कदाचित दहा-पंधरा वर्षं असेल, उंची मात्र एका पावसाळ्याची. अशी सगळी धुमारं मिळून एक मोजा आणि "छाटलेलं" असा वेगळा रकाना करा. हा रकाना भरत गेला तर अर्धं उत्तर तुमच्या हातात आलं.

> तपासा: तीन चौकटी दोन जणांनी एकमेकांना न विचारता मोजाव्यात. आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला, तर पुढे जाऊ नका, ओळख पक्की करून पुन्हा मोजा.

## टप्पा 4: वयाची शिडी कुठे तुटते?

आता प्रत्येक जातीचे चार आकडे शेजारी मांडा. निरोगी रानात बहुतेक जातींची रोपं पुष्कळ आणि मोठी झाडं थोडी असतात. पायरी कुठे तुटली आहे, त्यावरून संशयित कमी होतात.

मोठी झाडं आहेत, गट 1 रिकामा. बी पडत नाही किंवा रुजत नाही. फळं धरतात का ते आधी पाहा. बियांपासून वाढलेल्या कोकमात साधारण निम्मी झाडं नर निघतात. टेकडीवर उरलेली दोन-तीन नरच असली, तर शंभर वर्षं थांबूनही बी मिळणार नाही. फळं धरतात पण एप्रिल-मेमध्ये सगळी उतरवून नेली जातात, हेही शक्य आहे. बी पडत असेल तर जमिनीवर काय आहे ते बघा. अकेशियाच्या चिवट पानांचा थर कुजायला वेळ घेतो. पट्टीने थराची जाडी मोजा आणि तो हाताने बाजूला सारा. मोड आलेल्या बियांची मुळं मातीला न टेकता वरच सुकलेली दिसली, तर कारण तिथेच आहे.

गट 1 भरलेला, गट 2 रिकामा. रुजतंय, पण दुसरा उन्हाळा पार पडत नाही. चार संशयित: गुरं, आग, रानमोडी-घाणेरी या बाहेरून येऊन माजलेल्या झुडपांची सावली, आणि सफाई. सफाईकडे सर्वांत कमी लक्ष जातं. काजूचा हंगाम लागण्याआधी बोंडं वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचं सगळं कापतात, काही ठिकाणी जाळतातही. त्यात करवंद, किंदळ, कुंभा असं काहीच वाचत नाही. गुरांनी खाल्लेला शेंडा फाटलेला, चिंध्या झालेला असतो. कोयत्याचा घाव स्वच्छ आणि तिरका. यंत्राचा घाव सगळीकडे एकाच उंचीवर.

गट 1, 2 ठीक, मोठी झाडं मरताहेत. मुळांची हानी, पाण्याची वाट बदलणं, भराव, किंवा रोग. पुढच्या टप्प्यांत जास्त वेळ इथे लागेल.

सगळेच गट रोडावलेले, अनेक जातींचे एकदम. रोगाचा नाद सोडा. रोग सहसा एक-दोन जाती निवडतो. अनेक जाती एकदम खालावतात तेव्हा जागेत बदल झालेला असतो: माती, पाणी, आग किंवा रसायन.

## टप्पा 5: नकाशावर आकार शोधा

मेलेली आणि खालावलेली झाडं नकाशावर ठिपक्यांनी दाखवा. मेलेलं की जिवंत, हे सालीला नखाने बारीक खरवडून कळतं: आत हिरवं-ओलं म्हणजे जिवंत, तपकिरी-कोरडं म्हणजे गेलं. (बिब्याला हात लावू नका, पुन्हा सांगतो.)

ठिपके कडेला दाटून आत विरळ होत असतील, तर कारण रस्त्याकडून किंवा बांधकामाकडून येतंय. रस्त्याकडेची रुंद पानांची झाडं पिळवटलेली आणि गवत ठणठणीत असेल, तर टू-फोर-डीसारख्या तणनाशकाचा संशय घ्या. गवतासकट सगळं दोन आठवड्यांत पिवळं पडलं असेल, तर ग्लायफोसेटचा.

ठिपके गोल आणि दरवर्षी बाहेर सरकणारे असले, तर मुळांचा रोग.

ठिपके उतारावर पट्ट्यासारखे असले, तर पाणी. इथे डोंगरकापणी तपासा. कापलेल्या कड्याच्या वरची झाडं सुकतात, कारण त्यांच्या मुळांखालचं पाणी कड्यातून निथळून जातं. कड्याखालची झाडं काढलेल्या मातीच्या भरावात गुदमरतात. भराव ओळखायला सोपा. झाडाचा बुंधा जमिनीपाशी पायासारखा फाकलेला असला पाहिजे. तो विजेच्या खांबासारखा सरळ जमिनीत शिरत असेल, तर मुळं मातीखाली गाडली गेली आहेत. हाताने उकरत जा आणि फाकलेला भाग किती खोल लागतो ते लिहा. अशी झाडं लगेच मरत नाहीत, काही वर्षांनी शेंड्यापासून वाळू लागतात. तोवर भराव कुणी टाकला हे सगळे विसरलेले असतात.

आगीसाठी बुंध्यावरची काळी खूण कोणत्या बाजूला आणि किती उंच, ते मोजा. उपग्रहांवरून आगी टिपणाऱ्या नासाच्या 'फर्म्स' सेवेवर आगीच्या तारखा मिळतात, मार्च 2023 मध्ये गोव्यात लागलेल्या आगींसारख्या मोठ्या घटना तिथे सापडतात. पण तिचा बारीकात बारीक ठिपकाही 375 मीटरचा. टेकडीवर तासाभरात विझलेली गवताची आग तिथे नसली, म्हणजे ती लागलीच नाही असं धरू नका.

## टप्पा 6: माती आणि पाणी

नमुने मेमध्ये किंवा ऑक्टोबरनंतर घ्या. नुकत्याच जळलेल्या जागेतून नको, राखेने सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्लधर्मी त्याचा आकडा) वाढतो. प्रत्येक चौकटीत पाच ठिकाणी वरचा पाचोळा बाजूला करून 0-15 सेंटिमीटरची माती घ्या, प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करा, ढीग चौभागून समोरासमोरचे दोन भाग टाकत अर्धा किलोवर आणा. सावलीत वाळवा, 2 मिलिमीटरच्या चाळणीने चाळा.

सामू: 10 ग्रॅम माती, 25 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी, ढवळून अर्धा तास ठेवा, मग मीटर. मीटर आधी 4 आणि 7 च्या द्रावणांवर जुळवून घ्या. रंगपट्टीवर भागवू नका. गोव्याची जांभ्यावरची माती आम्लधर्मी असते. तुलनेच्या रानात 5.5 आणि तुमच्या कडेच्या चौकटीत 7.8 आलं, तर बांधकामाचा मलबा शोधा. मातीवर व्हिनेगरचे थेंब टाका: फसफसलं तर चुना किंवा सिमेंट आहे. किनाऱ्याजवळ शिंपल्यांचे तुकडेही फसफसतात, ते आधी वेचून काढा. चुनखड मातीत झाडाला लोह घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, हे त्याचं लक्षण.

पाणी मुरणं: 15 सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा, दोन्ही तोंडं कापलेला डबा 5 सेंटिमीटर रुतवा. 440 मिलिलिटर पाणी ओता, म्हणजे अडीच सेंटिमीटर थर होतो. ते मुरू द्या आणि पुन्हा तेवढंच ओतून ही दुसरी वेळ घड्याळावर मोजा. तुलनेच्या रानात दहा मिनिटं आणि इथे तासभर लागत असेल, तर जमीन तुडवली गेली आहे: गाड्या, यंत्रं किंवा रोजची पायवाट.

सखोल तपासणीसाठी जुन्या गोव्यात एला येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. जाण्याआधी काय मागायचं ते ठरवा: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. "सगळं तपासा" म्हणू नका.

## टप्पा 7: कीड-रोग

इथवर येऊनही एकाच जातीची झाडं मरताना दिसत असतील, तरच हा टप्पा.

बुंध्याजवळ भुशासारखी पूड आणि डिंक असेल तर खोडकिडा. मुळाशी कडक लाकडी भूछत्र असेल तर मूळकूज. बांडगूळ असेल तर त्याच्या पुढची फांदी वाळते, पण बांडगूळही देशीच, आणि धडधाकट झाड त्याच्यासह जगतं. बांडगूळ बोकाळलं असेल, तर झाड आधीच कशाने खंगलं ते शोधा.

नमुना पूर्ण मेलेल्या भागाचा घेऊ नका. तिथे मेल्यावर आलेली बुरशीच सापडते, आणि दोष तिच्यावर येतो. जिवंत आणि मेलेल्या भागाची सीमारेषा मधोमध येईल असा तुकडा घ्या. पानं कागदी पाकिटात, मुळं थोड्या मातीसह झिपच्या पिशवीत. थंड ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि दोन दिवसांच्या आत पोचवा. सोबत त्याच जातीच्या निरोगी झाडाचाही नमुना द्या.

## टप्पा 8: कुंपणाची चाचणी

संशयित एक-दोनवर आले की रानालाच विचारायचं. 2 × 2 मीटरचे चार तुकडे शेजारी घ्या:

- कुंपण आणि तण काढलेलं
- कुंपण, तण तसंच
- कुंपण नाही, तण काढलेलं
- काहीच केलेलं नाही

असे चौकडीचे किमान तीन संच, वेगवेगळ्या जागी. कुंपण दीड मीटर उंच जाळीचं. प्रत्येक तुकड्यात दोन-तीन जातींच्या प्रत्येकी 50 ताज्या बिया पेरा. जांभूळ, कोकम यांच्या बिया वाळवून ठेवू नका, काही आठवड्यांत त्यांची उगवण जाते. फळातून काढल्या की लगेच मातीत.

मोजणी ऑगस्ट, डिसेंबर आणि मेमध्ये, निदान दोन पावसाळे. पहिल्या ऑगस्टला सगळीकडेच हिरवं दिसतं आणि गट निकाल जाहीर करून मोकळे होतात. खरा निकाल मेअखेरचा.

कुंपणातली दोन्ही जगली आणि बाहेरची दोन्ही गेली: गुरं किंवा सफाई. तण काढलेली दोन्ही जगली: रानमोडी-घाणेरी. फक्त कुंपण आणि तण काढलेला तुकडा जगला: दोन्ही कारणं एकत्र, आणि एकच दूर करून उपयोग नाही. चारही ठिकाणी गेली: टप्पा 6 कडे परत जा, जमिनीतच काहीतरी आहे.

> सावधान: सफाई करणाऱ्या मजुरांना चाचणीचे तुकडे आधी प्रत्यक्ष दाखवा, आणि चारही कोपऱ्यांवर लाल कापड बांधा. नुसती पाटी पुरत नाही. डिसेंबरात गवत वाढलं की ती दिसत नाही, आणि दोन पावसाळ्यांचं काम एका सकाळी कापलं जातं.